जालन्याचे पाणी आणि सिक्लिडची बोटुकली

सिक्लिड हे गोड्या पाण्यातील माशांचे एक प्रचंड मोठे कुल आहे. आजवर शास्त्रीय वर्णन झालेल्या त्याच्या जातींची संख्या सतराशेच्या घरात जाते आणि त्यांतील बहुसंख्य जाती आफ्रिकेत व दक्षिण अमेरिकेत आढळतात. महाराष्ट्रात या कुलाचा सर्वांत परिचित प्रतिनिधी बाजारातल्या टोपलीत दिसतो. १९५२ साली भारतात आणलेला आणि पुढे जलाशयाजलाशयांत पसरलेला तिलापिया, ज्याला उजनी-भिगवणच्या पट्ट्यात चिलापी म्हणतात, तो सिक्लिडच होय. डोक्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी एकच नाकपुडी असणे, अंगावरची पार्श्वरेषा मध्येच तुटून खाली पुन्हा सुरू होणे आणि घशात चावण्यासाठी जबड्यांची दुसरी जोडी असणे या त्याच्या शारीरिक खुणा आहेत. परंतु प्राणिशास्त्रज्ञांना आणि हौशी पालकांना त्याच्याकडे ओढणारा गुण म्हणजे अपत्यसंगोपन. बहुतेक मासे अंडी सोडून निघून जातात, तर सिक्लिड अंड्यांवर पहारा देतात, पिल्लांना घेऊन हिंडतात, आणि चिलापीची मादी तर अंडी व नवजात पिल्ले सुमारे दोन आठवडे तोंडातच बाळगते. काचेच्या टाकीसाठी विकल्या जाणाऱ्या एंजल, डिस्कस, रॅम, ऑस्कर आणि मलावी सरोवरातील रंगीत जाती याच कुलातल्या आहेत. मात्र त्या ग्राहकाच्या हाती येतात तेव्हा आईबापांपासून तुटलेल्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान असतात. मत्स्यव्यवसायाच्या परिभाषेत नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांना जिरे आणि बोटभर वाढलेल्यांना बोटुकली म्हणतात. प्रस्तुत लेखाचा विषय या दोहोंच्या मधली, अनेक जातींच्या माशांसोबत एकाच टाकीत सोडली जाणारी नाजूक सिक्लिड पिल्ले हा आहे.

जालना जिल्ह्यात अशी पिल्ले पहिल्या पंधरवड्यात दगावली, की त्याचा दोष बहुधा जड पाण्याला दिला जातो. हे निदान अर्धेच खरे आहे. पाण्याचा जडपणा काही थोड्या जातींनाच आणि तोही मुख्यतः अंड्यांच्या अवस्थेत बाधतो; वाढत्या पिल्लांना जे मारते ते त्याच पाण्याच्या दुसऱ्या गुणाशी, म्हणजे त्याच्या अल्कधर्मीपणाशी, आणि मराठवाड्याच्या उष्णतेशी निगडित असलेले अमोनियाचे विष होय. हा फरक लक्षात आला तर उपाययोजनेची दिशाच बदलते, कारण जडपणा घालवण्यासाठी बाटल्या-पुड्यांवर होणारा खर्च बव्हंशी वाया जातो आणि ज्या तीन गोष्टींकडे लक्ष हवे, त्या म्हणजे घातलेल्या खाद्याचे वजन, टाकीतल्या माशांची संख्या आणि पाण्याचे तापमान, त्या दुर्लक्षित राहतात.

जिल्ह्याचा बहुतेक भूभाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. या खडकाच्या फटींतून आणि त्यावरच्या चुनखडीयुक्त मातीतून झिरपत खाली जाणारे पावसाचे पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट विरघळवून घेते. त्यामुळे विंधन विहिरीचे, म्हणजे बोअरचे पाणी जड होते. जडपणा म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांचे प्रमाण. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ते लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्याजोगे मानले जाते. जालना शहराला पैठणच्या जायकवाडी जलाशयातून नळाने येणारे आणि निजामकाळात कुंडलिका नदीवर बांधलेल्या घाणेवाडी तलावातून मिळणारे पाणी बोअरच्या मानाने हलके असते; पण नळ रोज येत नसल्यामुळे घरोघरी नळाचे, बोअरचे आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी एकाच हौदात मिसळते, आणि टाकीत नेमके कोणते पाणी पडले हे पालकाला सांगता येत नाही. सामू, म्हणजे पाण्याची आम्लता किंवा अल्कता दाखवणारा अंक, शेतकऱ्यांना माती परीक्षणाच्या पत्रिकेमुळे ठाऊक असतो. सातचा सामू उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. बायकार्बोनेटने भरलेल्या पाण्याचा सामू उघड्या हवेत राहिल्यावर आठच्या आसपास किंवा थोडा वर जाऊन स्थिरावतो. मोसंबीच्या बागेत ठिबकच्या तोट्या पांढऱ्या साक्याने बुजतात आणि त्या मोकळ्या करायला आम्ल सोडावे लागते, तोच साका मत्स्यालयाच्या काचेवर पाण्याच्या पातळीलगत पांढऱ्या रेघेच्या रूपाने जमतो आणि नखाने खरवडला तरी सहज निघत नाही. ही रेघ दिसली की पाण्याच्या स्वभावाविषयी वेगळी शंका उरत नाही.

आता अमोनियाकडे वळावे. मासा प्रथिने पचवतो तेव्हा त्यातील नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत राहतो: एक विद्युतभारित अमोनियम, जे तुलनेने निरुपद्रवी आहे, आणि दुसरे मुक्त अमोनिया, जे कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून आत शिरते आणि विषारी ठरते. या दोहोंचे परस्पर प्रमाण सामू आणि तापमान ठरवतात. सामू ७ आणि तापमान २५ अंश सेल्सिअस असताना एकूण अमोनियातला जेमतेम ०.६ टक्के भाग मुक्त असतो. सामू ८ आणि तापमान ३० अंश झाले की तो साडेसात टक्क्यांवर जातो, आणि सामू साडेआठ झाला तर वीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पुस्तकात वर्णिलेल्या उदासीन, समशीतोष्ण पाण्यात जो अमोनिया मासा सहज सोसतो, तोच जालन्यात मे महिन्यात बारा-तेरा पटींनी अधिक जहाल होतो, आणि पाणी दिसायला मात्र पूर्वीइतकेच नितळ असते.

या आकड्यांचा व्यवहारातला अर्थ एका हिशेबाने स्पष्ट होतो. मत्स्यशेतीत ढोबळ मानाने धरतात की एक किलो खाद्यामागे सुमारे ३० ग्रॅम अमोनिया तयार होतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यामागे ३० मिलिग्रॅम. शंभर लिटरच्या टाकीत दिवसाला एक ग्रॅम खाद्य घातले आणि तो अमोनिया शोषणारी काहीही व्यवस्था नसली, तर एका दिवसात लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम अमोनिया जमतो. सामू ८ आणि ३० अंश तापमानाला त्यातील साडेसात टक्के, म्हणजे लिटरमागे सुमारे ०.०२२ मिलिग्रॅम मुक्त अमोनिया होतो, आणि मत्स्यपालनात दीर्घकाळासाठी सुरक्षित मानली जाणारी मर्यादा ०.०२ च्या आसपास आहे. एका ग्रॅमने, तेही एकाच दिवसात, मर्यादा ओलांडली जाते. एक ग्रॅम म्हणजे बारीक दाण्याच्या खाद्याची चिमूटभरच, आणि घरातल्या तीन माणसांनी सकाळ, दुपार, संध्याकाळ आपापली चिमूट टाकली की तीन ग्रॅम होतात.

पिल्ले या विषाला मोठ्यांपेक्षा लवकर बळी पडतात, याला कारण त्यांच्या शरीराचा आकारच आहे. शरीर लहान असले की वजनाच्या मानाने कल्ल्यांचा पृष्ठभाग जास्त पडतो, चयापचयाचा वेग जास्त असतो आणि साठवलेली चरबी जवळपास नसते. त्यामुळे त्यांना दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे आणि प्रथिनयुक्त खाद्य द्यावे लागते, आणि प्रथिने जितकी जास्त तितका अमोनियाही जास्त. पिल्लांचे संगोपन अवघड असण्याचे मूळ या पेचात आहे: उपाशी ठेवले तर खुरटतात, भरपूर घातले तर स्वतःच्याच उत्सर्गात गुदमरतात. एंजलच्या बाबतीत तर अपुरे पोषण आणि दाटी यांची खूण आयुष्यभर राहते. अंगाच्या मानाने डोळे मोठे दिसणे, पाठीवरचा उभा पर वाकडा किंवा आखूड होणे, हे दोष वाढीच्या पहिल्या काही महिन्यांत ठरतात आणि पुढे चांगल्या पाण्यानेही सुधारत नाहीत.

विष पिल्लांपर्यंत पोहोचण्याचा आणखी एक, फारसा न ओळखला जाणारा क्षण म्हणजे पिशवी उघडण्याचा. चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या केंद्रांतून किंवा मुंबईहून येणारे मासे प्लॅस्टिकच्या पिशवीत, थोडे पाणी आणि वर शुद्ध ऑक्सिजन अशा स्थितीत कित्येक तास प्रवास करतात. माशांच्या श्वासातून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड बंद पिशवीत कोंडला जातो, पाणी आम्ल होते आणि साठलेला अमोनिया जवळपास सगळाच निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवीचे तोंड उघडताच कार्बन डायऑक्साइड उडू लागतो, सामू चढतो आणि त्याच अमोनियाचे विष होते. त्यात भर म्हणून आपले अल्क पाणी थेंबाथेंबाने त्या पिशवीत सोडत राहिले, तर पिल्ले तासभर विषात ठेवल्यासारखे होते. म्हणून लांबच्या प्रवासाहून आलेली पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे, आणि उघडल्यावर फार न रेंगाळता जाळीने पिल्ले उचलून टाकीत सोडावीत, पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. थेंबाथेंबाने रुळवण्याची पद्धत गावातल्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशांसाठी ठीक आहे. तिथे अमोनिया साठलेलाच नसतो.

टाकीतला अमोनिया कायमचा आटोक्यात ठेवण्याचे काम जीवाणू करतात. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. शेतातल्या मातीत युरियाचे जे होते, तीच ही साखळी. नव्या टाकीत हे जीवाणू पुरेशा संख्येने वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि या काळात नाजूक पिल्ले सोडणे म्हणजे त्यांचा बळी देणे होय. जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज नव्या टाकीत बसवला तर हा काळ बराच कमी होतो. पिल्लांसाठी हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टरच सर्वांत योग्य, कारण तो पिल्लांना ओढून घेत नाही आणि त्याच्या पृष्ठभागावर वाढणारे सूक्ष्मजीव पिल्ले दिवसभर टिपत राहतात. तो धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळावा, नळाखाली नव्हे. इथे जड पाण्याच्या बाजूने एक शब्द बोलायला हवा. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे रूपांतर होताना सुमारे सात ग्रॅम चुनखडीइतकी अल्कता खर्ची पडते. हलक्या पाण्याच्या प्रदेशात ती संपून सामू एकाएकी कोसळण्याचा आणि जीवाणूंचे काम थांबण्याचा धोका असतो, जालन्याच्या पाण्यात तो जवळपास नाही. ज्या बायकार्बोनेटमुळे सामू वर राहतो, त्याच्यामुळेच तो स्थिरही राहतो. मधल्या पायरीवरचे नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करते आणि मासे पृष्ठभागाशी धापा टाकू लागतात; त्यावर शंभर लिटरला दहा ग्रॅम मीठ हा स्वस्त आणि खात्रीचा उतारा आहे, कारण मिठातील क्लोराइड कल्ल्यांत शिरू पाहणाऱ्या नायट्राइटची वाट अडवते.

दुकानांत सामू उतरवणारे द्रव मिळतात. त्यांच्याविषयी इतकेच म्हणावे लागेल की बायकार्बोनेटने भरलेल्या पाण्यात त्यांचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, मग सामू पुन्हा मूळ जागी येतो, आणि या वरखाली होण्याचा ताण पिल्लांना स्थिर आठच्या सामूपेक्षा अधिक भोवतो. पाणी खरोखर हलके करायचे असेल तर त्यात क्षारविरहित पाणी मिसळणे हाच मार्ग आहे. पहिल्या एक-दोन सरी सोडून गच्चीवर धरलेले पावसाचे पाणी किंवा आरओ यंत्रातून गाळलेले पाणी निम्मे घातले की जडपणा निम्मा होतो आणि उघड्या टाकीतला सामू सुमारे ०.३ ने उतरतो. ही घट किरकोळ वाटते, पण मुक्त अमोनियाचे प्रमाण तेवढ्याने जवळपास अर्धे होते. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र मूळ पाण्याहून अधिक क्षारयुक्त असते. आफ्रिकन सिक्लिडना जड पाणी मानवते एवढ्या आधारावर ते तपासणी न करता वापरणे शहाणपणाचे नाही.

अमोनिया शोषणारे झिओलाइट नावाचे खनिजही मत्स्यखाद्याच्या दुकानांत मिळते. दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट गटातील सुंदर स्फटिक सापडतात आणि जगभरच्या संग्राहकांकडे जातात. टाकीत वापरले जाणारे झिओलाइट त्याच गटातले असले तरी ते क्लिनोप्टिलोलाइट नावाचे निराळे खनिज आहे. ते भरले की मिठाच्या द्रावणात बुडवून पुन्हा वापरता येते, आणि नेमक्या याच गुणामुळे एक सावधगिरी लागते: टाकीत झिओलाइट असताना नायट्राइटवर उतारा म्हणून मीठ घातले, तर त्याने धरून ठेवलेला अमोनिया पाण्यात परत सुटतो.

नळाच्या आणि टँकरच्या पाण्यातील क्लोरीन हा वेगळा शत्रू आहे. घरच्या तोटीशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावे असा पिण्याच्या पाण्याचा दंडक आहे. माणसाला सुरक्षित असलेली ही मात्रा पिल्लांच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या जीवाणूंना पोळते, आणि टंचाईच्या दिवसांत टँकरमध्ये किंवा विहिरीत टाकलेल्या ब्लीचिंग पावडरमुळे ती बरीच अधिक असू शकते. पाणी उघड्या पिंपात एक दिवस हवेचा पंप सोडून शिळे करणे हा साधा उपाय. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, क्लोरीनच्या एका भागाला सात भाग या हिशेबाने पुरतात. पाणी बदलण्याचे प्रमाण हे शेवटी पाण्याच्या उपलब्धतेवरच ठरते. तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद-उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. आठवड्याला त्याचा चतुर्थांश बदलायचा तर चार बादल्या लागतात. ज्या घरात उन्हाळ्यात त्या चार बादल्यांची खात्री नाही, तिथे टाकी मोठी ठेवून मासे कमी ठेवणे हेच गणित जमते. काढलेले पाणी कुंड्यांना घालावे, त्यातले नायट्रेट झाडांना खतासारखेच लागू पडते. शेतीपट्ट्यातल्या काही बोअरच्या पाण्यात मुळातच नायट्रेट असते, आणि तसे असल्यास कितीही पाणी बदलले तरी टाकीतले नायट्रेट त्या पातळीखाली जात नाही, हे ध्यानात ठेवून एकदा पाणी प्रयोगशाळेत तपासून घेणे उपयोगी ठरते.

उन्हाळा ही या जिल्ह्यातली खरी परीक्षा असते. बाहेर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बंद खोलीतील टाकीचे पाणी ३३-३४ अंशांपर्यंत चढू शकते. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६, आणि ३५ अंशांना ७ च्या किंचित खाली. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्याने यांतूनही पाच-सहा टक्के वजा करावे लागतात. उलट माशांची प्राणवायूची गरज तापमानाबरोबर वाढते. या दिवसांत टाकीच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडणे हा उत्तम उपाय होय, कारण शंभर लिटर पाण्यातून एक लिटर वाफ होऊन गेले तर ते जवळपास सहा अंशांइतकी उष्णता घेऊन जाते. खोलीतली उष्णता सतत परत शिरत असल्याने प्रत्यक्षात घट दोन-तीन अंशांचीच होते, पण तेवढी पुरते. मात्र वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. दिवसाला तीन लिटर पाणी उडत असेल आणि ती भर रोज बोअरच्या पाण्याने केली, तर १९० लिटरच्या टाकीत महिनाभरात क्षार जवळपास दीडपट होऊ शकतात. काचेवरची पांढरी रेघ याच काळात जाड होते. उडालेल्या पाण्याची भर क्षारविरहित पाण्यानेच करावी आणि बोअरचे पाणी बदलाच्या दिवशी वापरावे, हा नियम म्हणूनच महत्त्वाचा. वीज गेली की पंप बंद पडतो आणि स्पंजमधले जीवाणू काही तासांत गुदमरू लागतात. बॅटरीवरचा छोटा हवापंप किंवा इन्व्हर्टरवरची एक जोडणी यांची किंमत एका डिस्कसच्या पिल्लापेक्षा फार जास्त नसते. हिवाळ्यात प्रश्न उलटा होतो: रात्री पाणी २० अंशांखाली उतरते आणि एंजलला २६ ते २८, तर डिस्कस व रॅमला २८ ते ३० अंश लागतात, म्हणून थर्मोस्टॅटचा हीटर अपरिहार्य होतो.

खाद्यांत आर्टेमियाला पर्याय नाही असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. खाऱ्या सरोवरांतल्या या इवल्या कवचधारी जीवाची वाळलेली अंडी डब्यात मिळतात. उलट्या टांगलेल्या, बूड कापलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत एक लिटर पाणी, २५ ग्रॅम जाडे मीठ आणि अर्धा चमचा अंडी घालून तळापासून जोराने हवा सोडली, उजेड ठेवला आणि तापमान २८ अंशांच्या आसपास राहिले, तर चोवीस तासांत पिल्ले बाहेर पडतात. उन्हाळ्यात हे आपोआप साधते. डिसेंबरात बाटली उबदार जागी ठेवली नाही तर दुसरा दिवस उजाडतो. हवा बंद करून दहा मिनिटे थांबले की रिकामी कवचे वर तरंगतात आणि अर्ध्या मिलिमीटरचे नारिंगी जीव उजेडाच्या बाजूला तळाशी गोळा होतात. ते नळीने ओढून मलमलीच्या कपड्यात गाळावेत, गोड्या पाण्याने धुवावेत आणि लगेच घालावेत, कारण त्यांच्या अंगातला पोषक बलक काही तासांतच त्यांच्याच उपयोगात येऊन संपतो. कवचे खाद्यात मिसळली तर पिल्लांची आतडी तुंबतात. पिल्लाने खाल्ले की नाही हे पाहायला वेगळ्या साधनाची गरज नाही: पारदर्शक पोट नारिंगी मण्यासारखे फुगलेले दिसते, आणि टाकीत ज्याचे पोट करडेच राहिले ते पिल्लू दुबळे किंवा दबलेले आहे हे त्याच वेळी कळते. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तास जिवंत राहते, त्यामुळे कोरड्या खाद्यासारखी ती लगेच कुजत नाही. अमोनियाच्या हिशेबात हा फायदा मोठा आहे. ट्युबिफेक्स अळ्या पिल्ले आवडीने खातात आणि दुकानदारही त्याच सुचवतात, परंतु त्या सांडपाण्याच्या गाळात वाढतात आणि अनेकदा रोगही सोबत आणतात.

अनेक जातींच्या टाकीत ही पिल्ले कोणासोबत ठेवावीत, याचे उत्तर पिल्लाचे वय आणि सोबत्याचे तोंड यांवर अवलंबून असते. वाघाच्या पट्ट्यांचा टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतो. सकर म्हणून विकला जाणारा मासा रात्री चपट्या अंगाच्या डिस्कसला चिकटून त्याच्यावरचा श्लेष्म खरवडतो. आणि आज नाण्याएवढा असलेला एंजल वर्षभरात सोबतच्या निऑन टेट्राला भक्ष्य समजू लागतो. मॉली आणि प्लॅटी जड, अल्क पाण्यात उत्तम राहतात, म्हणून जालन्यात एंजलच्या पिल्लांचे ते सर्वांत सोयीचे शेजारी ठरतात. पिल्ले एक-दोन न आणता सहा-आठ एकत्र आणावीत; दोनच असली तर बलवान दुसऱ्याला खाद्यापासून दिवसभर हाकलतो, घोळक्यात तो राग विभागला जातो. लपायला फुटक्या कुंडीची खापरे आणि स्थानिक काळा पाषाण चालतो. पांढरट चुनखडीचे खडे आणि शंख-शिंपल्यांची वाळू मात्र जडपणात भर घालतात, आणि शंका आल्यास लिंबाचे दोन थेंब टाकल्यावर फेस येतो की नाही ते पाहावे. मुळात पिल्लांना थेट समूह टाकीत न सोडता दोन-तीन आठवडे वेगळ्या लहान टाकीत वाढवणे श्रेयस्कर. तिथे ती रोगमुक्त आहेत का ते कळते, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दिसला तर तापमान ३० अंशांवर नेऊन व मीठ घालून उपचार करता येतो, आणि मुख्य म्हणजे दर चिमटीतले किती खाद्य खरोखर पोटात गेले याचा अंदाज येतो.

जातींची निवड करताना पाण्याशी भांडण टाळलेले बरे. ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला रॅम हा चिमुकला, रंगांनी झळाळणारा मासा उष्ण पण अतिशय हलक्या पाण्यातला आहे. जालन्यात त्याची पिल्ले जगतात, पण निम्मे-अधिक पावसाचे किंवा आरओचे पाणी घातल्याशिवाय त्यांचा भरवसा नाही. डिस्कसची पिल्ले पहिले काही आठवडे आईबापांच्या अंगावर स्रवणारा श्लेष्म टिपून वाढतात, म्हणून त्यांचे प्रजनन घरी करणे अनुभवी पालकाचेच काम. बोटुकली आणून वाढवायची तर तापमान आणि स्वच्छता यांत कसूर चालत नाही, जडपणा त्यामानाने खपून जातो. बाजारातल्या एंजलच्या पिढ्या बंदिवासात वाढलेल्या असल्याने त्या मध्यम जड पाण्याला सरावल्या आहेत. मलावी सरोवरातील जातींना तर आठच्या वरचा सामू घरचाच वाटतो, पण त्यांचा भांडखोर स्वभाव पाहता त्यांची टाकी त्यांच्यापुरतीच असावी.

या यादीत भारताचेच सिक्लिड सहसा कोणी धरत नाही, हे नवलच म्हणायचे. भारतात मूळच्या तीन जाती आहेत: गोव्यात कालुंदर आणि केरळात करीमीन म्हणून ओळखला जाणारा पर्लस्पॉट, कर्नाटकातला त्याचा दुर्मिळ भाऊबंद, आणि तिसरा नारिंगी क्रोमाइड, जेमतेम तीन इंच वाढणारा, टाकीसाठी जणू मापात बसलेला मासा. दक्षिण भारताच्या आणि श्रीलंकेच्या मचूळ खाड्यांत राहणारा हा मासा जड, अल्क पाण्याला केवळ सहन करत नाही, त्याला तेच हवे असते. त्याची पिल्ले डिस्कसप्रमाणेच आईबापांच्या अंगावरचा श्लेष्म टिपतात, आणि पर्लस्पॉटच्या अंगावरचे परजीवी खाऊन ती त्याची साफसफाई करतात, असे या जातींच्या वर्तनाच्या अभ्यासात नोंदले गेले आहे. मॉलीच्या सोबत, थोडे मीठ घातलेल्या टाकीत नारिंगी क्रोमाइड नवख्या पालकालाही जमतो. दुकानदाराकडे आवर्जून मागितला तर बहुधा काही दिवसांत मागवून मिळतो.

टाकीला न पेलणारे मासे हा शेवटचा प्रश्न. ऑस्करचे दोन इंची पिल्लू वर्षभरात वीतभर होते, एंजलची एक जोडी एका वेळेस शेकड्यांनी अंडी घालते, आणि मग ते जवळच्या तळ्यात, दुधना-कुंडलिकेत किंवा घाणेवाडीच्या जलाशयात नेऊन सोडण्याचा विचार दयाबुद्धीनेच सुचतो. तिलापियाने देशातल्या जलाशयांत देशी माशांची जागा कशी बळकावली हे मच्छीमारांना चांगले ठाऊक आहे, आणि हौशी टाक्यांतून सुटलेला सकर उजनीसारख्या जलाशयांत आता त्यांचीच जाळी फाडतो आहे. असे मासे दुकानदाराला परत द्यावेत, दुसऱ्या पालकाला द्यावेत, आणि एंजलच्या अंड्यांपैकी जितकी पिल्ले खरोखर वाढवायची तितकीच ठेवून उरलेली अंडी ती फुटण्यापूर्वीच काढून टाकावीत.